झटपट कुलूप

"फायली गुप्त ठेवायला सरकारी सायफरच वापर. स्लो आहे, पण पक्का आहे," शेजारच्या टेबलावरची कांता कानीकपाळी ओरडत होती. पण १९८६ साली, टेक्सासमधल्या प्लेनोच्या ऑफिसात उल्हास कसला ऐकतोय! अमेरिकन साहेबाला स्पीड हवा, म्हणून त्यानं प्रत्येक अक्षरात एकच गुप्त शब्द मिसळणारा घरगुती सायफर ठोकून दिला. शब्द कुठला? तर साहेबाला रोज मनात हासडायची ती मराठी शिवी. अमेरिकनांना बापजन्मात ओळखता येणार नाही!

डेमोत फाइल क्षणात लॉक झाली. साहेबानं खुशीत ती प्रिंट केली. फाइलमधल्या रिकाम्या जागी मिसळायला अक्षरंच नव्हती, त्यामुळे तिथे नुसता गुप्त शब्दच उमटला, तोही इंग्रजी अक्षरांत. पानभर गाढव, गाढव, गाढव.

"हू इज गाढव?" साहेबानं विचारलं.

कांताची नजर चुकवत उल्हास म्हणाला, "मीच, सर."