अस्वलाचा डावा डोळा

काळं, चार भोकांचं, कडेला किंचित झिजलेलं बटण तिच्या तळहातावर पडलं होतं, आणि त्याच्याकडे पाहता पाहता तिला मनापासून पटलं की या जगात पूर्णपणे निर्धोक असं काहीही नसतं, प्रत्येक वस्तूच्या पोटात तिचा स्वतःचा अपघात झोपलेला असतो... हा विचार तिला इतका खोल वाटला की तो कुणालातरी सांगावा म्हणून ती वळली. पण समोर नणंद होती, म्हणून तिनं बटण नळीत टाकलं. ते टक् करून तळाशी गेलं.

"बसलं," वन्सं म्हणाल्या.

नळी पारदर्शक प्लॅस्टिकची, बोटभर उंच, तळाशी तिरकी. नियम सोपा होता : खेळण्यातून सुटून येणारा जो तुकडा या नळीत अख्खा मावतो, तो लहान मुलाच्या घशातही मावतो. ती सकाळी टपालानं आल्यापासून वन्संनी तीत घरातलं बरंच काही घालून पाहिलं होतं — अंगुस्तान, कानातलं, लसणाची पाकळी, पेनाचं टोपण, आणि आपल्या भावाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, कानाचं जुनं यंत्र. सगळं बसलं होतं.

"या घरात मोठ्यांचीसुद्धा धडगत नाही हो, वहिनी. दादा आजवर जगला कसा, तेच नवल."

मागच्या खोलीत त्या दोघींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शिवणयंत्र, एक वजनकाटा, खोक्यांची एक उतरंड आणि एक संगणक. ती कापडाची अस्वलं शिवायची, वन्सं ती बांधून, पत्ते चिकटवून पाठवायच्या आणि संगणकाचं सगळं बघायच्या. आणि आज त्या संगणकावर, ज्या साइटवरून ती अस्वलं विकली जात, तिचा शेवटचा निरोप येऊन पडला होता — लहान मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षा चाचणीचा दाखला जोडा, अन्यथा संध्याकाळी आपलं पान बंद होईल. त्याखाली बारीक अक्षरांत : वस्तू खेळणं नसल्यास प्रकार बदला. आणि दोन रिकामी वर्तुळं. एकापुढे 'खेळणी'. दुसऱ्यापुढे 'शोभेच्या वस्तू'.

"शोभेची वस्तू म्हणा आणि मोकळ्या व्हा," वन्सं म्हणाल्या.

"पण लोक ती पोरांनाच देतात, वन्सं."

"लोक फुलदाणीसुद्धा पोरांना देतील. आपण लिहिलं ना, देऊ नका म्हणून? मग आपण सुटलो."

वन्संनी उभा जन्म कचेरीत काढला होता, त्यामुळे नियम पाळायचा नसतो, नुसता भरायचा असतो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांचं चुकत होतं असंही नाही. इतर अस्वलवाल्यांनी एव्हाना प्रकार बदललेही होते. जगातली निम्मी अस्वलं एका सकाळीत शोभेची झाली होती. तिनं फक्त बोट टेकवायचं होतं. नाहीतर पान बंद, मग नवे डोळे, नवे नमुने, चाचणी, दाखला... आणि दुसरे डोळे लावले तर ते तिचं अस्वल राहणार होतं का? घेणारे सगळे तेच लिहायचे, अस्वल बघतं म्हणून. डावा डोळा ती एक टाका खाली लावायची. त्यामुळे ते बघायचं, नुसतं बघायचं नाही, तर तुमचं झालं की मग मी बोलेन, अशा बेतानं बघायचं.

तो खाली उतरलेला डोळा मुळात तिचा नव्हताच. आईचा होता. म्हणजे आईनं लावलेला — जुन्या फ्लॅनेलच्या कापडाची एक बाहुली होती, आणि धाकटा भाऊ तेव्हा रांगत होता, आणि एकदम त्याचा आवाज बंद झाला. रडणं नाही, काही नाही, नुसतं उघडं तोंड. आईनं त्याला पायाला धरून उलटा केला आणि पाठीत धपके घातले, आणि तो आवाज... मी दारात उभी होते, मला वाटलं आई त्याला मारतेय, आणि मला जरा बरंच वाटलं होतं. मग फरशीवर काहीतरी टक् वाजलं. आणि आईनं काय केलं? धाकट्याला माझ्या मांडीवर दिला, बटण उचललं, नळाखाली धुतलं, पदराला पुसलं आणि त्याच बैठकीत बाहुलीला परत लावलं. दुहेरी दोरा, बटणाखालच्या दोऱ्याच्या मानेभोवती तीन वेढे, मग गाठ. घाईत ते एक टाका खाली लागलं.

तीच गाठ ती आजही घालत होती. आईची गाठ सुटत नाही. हे तिनं कधी तपासलं नव्हतं. तपासण्यासारखं ते वाटलंच नव्हतं.

तिनं धाकट्याला फोन लावला. तो आता दोन खुर्च्यांना पुरेल एवढा झाला होता.

"तुला ते बटण आठवतं का रे?"

"धपके आठवतात, ताई. पण ते त्याच दिवशीचे की दुसऱ्या कुठल्या, ते सांगता नाही यायचं. का गं?"

"काही नाही. सहज."

"सहज फोन करतेस तू? बरी आहेस ना?"

ती बरी होती. ती न्हाणीघरात गेली. नियमात डोळा ठरावीक जोर लावून ओढून बघा असं होतं, आणि तो जोर म्हणजे साधारण पाण्याची बादली, हा हिशेब वन्संनीच काढून दिला. कपड्यांच्या दांडीला अस्वल डोक्याच्या मागून बांधलं, डाव्या डोळ्याच्या मानेत तारेचं कडं अडकवलं, कड्याला बादली. वन्सं तांब्यानं पाणी ओतू लागल्या, घरातल्या एखाद्या आजाऱ्याला औषध पाजावं तशा.

पहिल्या तांब्यांना काहीच झालं नाही. मग अस्वलाचा चेहरा हळूहळू लांबला. लग्नघरात कोपऱ्यात गाठून कुणी आपली दुखणी सांगत बसावं आणि ऐकणाऱ्यानं मान डोलवत राहावं, तसा तो दिसू लागला. बादली भरत आली. डोळा जागच्या जागी.

"वहिनी! तुमच्या आईला सरकारनं कामावर ठेवायला हवं होतं," वन्सं म्हणाल्या, आणि तिच्या छातीत काहीतरी उबदार वर आलं, अभिमानासारखं...

आणि फर्र झालं. बादली आडवी, वन्संच्या पायांवरून पाणी मोरीकडे. दांडीला अस्वल होतं, पण चेहऱ्याच्या जागी कापूस. बटण गाठीला धरून होतं, गाठ दोऱ्याला, दोरा कापडाच्या तुकड्याला. गाठ सुटली नव्हती. फक्त बाकीचं अस्वल तिच्याबरोबर आलं नव्हतं.

"शोभेची वस्तू," वन्सं पाय झटकत म्हणाल्या. त्या ओलं लुगडं बदलायला गेल्या आणि जेवून, दुपारच्या सवयीनं, आडव्या झाल्या.

घर शांत झालं. तिनं बटण उचललं, फाटका तुकडा कापून टाकला, बटण नळाखाली धरलं, अंगठ्यानं चोळलं, पदराला पुसलं, आणि खोलीत येऊन दिव्याच्या बाजूला वळून सुईत दोरा ओवला, दुहेरी. नवं अस्वल मांडीवर घेतलं. बटण त्याच्या डाव्या गालावर टेकवलं... हात केव्हाच पुढे गेले होते. ती जरा उशिरा मागून पोचली, आणि थांबली.

आईनंसुद्धा असंच केलं असेल का — न ठरवता? तिला आजवर त्या तीन वेढ्यांत काहीतरी मायेचं, घट्ट असं दिसत आलं होतं. आता तिला आईची बोटं दिसली. ती कापत होती. कापणाऱ्या बोटांना काहीतरी काम हवं होतं, आणि समोर बटण होतं. बस्. त्यानंतर कितीतरी दिवस बाहुली कपाटावर ठेवलेली असायची, हेही तिला आत्ताच आठवलं. मी मागितली की आई म्हणायची, राहू दे गं तिला तिथे, छान दिसते. शोभेची.

तिनं संगणक जवळ ओढला. दुकानाच्या पानावर सर्वांत वर तो फोटो होता, कुठल्याशा आईनं कौतुकानं पाठवलेला, जो पाहून लोक अस्वल मागवत — बाळ झोपलेलं, गुबगुबीत, अस्वलाला कवटाळून, अस्वलाचं तोंड तोंडात धरून. प्रकार बदलायचा तर तो फोटो काढून टाकावा लागणार होता, आणि सकाळपासून तिला त्याचंच वाईट वाटत होतं. तिनं तो मोठा केला. अस्वलाचा उजवा डोळा तिच्याकडे बघत होता. डावा कुठे दिसेना. तिनं आणखी मोठा केला. बाळाच्या ओठांच्या कडेला ओलं कापड होतं, आणि त्यापुढे कापड आत गेलं होतं.

किती दिवस हा फोटो ती रोज बघत होती. रोज तिला बाळच दिसलं होतं.

ती बराच वेळ तशीच बसून राहिली. घाबरल्यासारखं वाटलं नाही. उलट फार स्वच्छ वाटलं, खोलीतली एखादी घरघर बंद पडल्यावरच ती चालू होती हे कळावं तसं. त्या बाईला लिहायला हवं होतं. काय लिहायचं? डोळा कापून टाका? सगळ्यांनाच लिहायला हवं होतं. सुईतला काळा दोरा तिनं न तोडता नव्या अस्वलाच्या गालात घातला आणि बटणाऐवजी नुसताच एक डोळा भरला, टाक्याला टाका लावून, गच्च. तो बघत नव्हता. तो मिटल्यासारखा दिसत होता, आणि एक टाका खाली उतरला होता.

हे वाईट दिसतं की बरं, ते तिला ठरवता येईना. पण पान संध्याकाळी बंद पडणार असलं, तरी बोट कुठल्या वर्तुळावर टेकवायचं, ते आता ठरवायचं उरलं नव्हतं. ती पानावर परत आली. तिथे वर्तुळं नव्हती. बराच वेळ काही हालचाल न केल्यामुळे साइटनं तिला बाहेर काढलं होतं.

पासवर्ड फक्त वन्संना माहीत होता, आणि वन्सं झोपल्या होत्या.