धाकट्याच्या गोठ्याची पाळी

पक्ष लहान होता म्हणून त्याचा इतिहासही लहान असेल, असं समजू नका. सभागृहात त्यांची माणसं कधी नऊ, कधी चार, शेवटी शेवटी तर एकच. पण त्या एकाच्या गाईंची धार काढायला दोनशे घरं पाळीनं उठायची. असा दुसरा पक्ष दाखवा बघू!

हा पाळीचा नियम शहाणपणातून नाही, ठेच लागून आला. पक्षाचा पहिला निवडून आलेला माणूस राजधानीत भाषणं ठोकत होता, तेव्हा इकडे त्याच्या बायकोनं अंथरूण धरलं. गाई वेळेवर पिळल्या गेल्या नाहीत, सड सुजले, दूध आटलं, वर्षभरात गोठा विकावा लागला. मग पोटासाठी तो ज्याच्या त्याच्या पंगतीला बसू लागला, आणि ज्याचं खायचं त्याच्यासाठी हात वर करायचा, हे ओघानं आलंच. दूध संकलन केंद्राच्या शेडमध्ये लोक जमले, त्याला पोटभर शिव्या घातल्या. शिव्या संपल्यावर, पुढे ज्यांच्या मुलीनं, ताईनं, या पाळ्या लावल्या ते तिचे वडील म्हणाले की चूक निम्मी त्याची आणि निम्मी आपली. आपण त्याला पाठवलं आणि त्याचा गोठा वाऱ्यावर सोडला. त्या दिवशी ठरलं की जो निवडून जाईल त्याचा गोठा पक्ष सांभाळणार, फुकट आणि पाळीनं. सभागृह बरखास्त झालं की पाळी बंद, त्यापुढे एक वेळसुद्धा नाही.

शहरातल्या वर्तमानपत्रांनी 'शेणपक्ष' म्हणून हिणवलं. यांनी ते नाव हसत हसत घेतलं, कारण हात शेणाचेच होते, लपवायचं काय? पण केंद्रावर दुधाची फॅट शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत मोजायची, हा कायदा त्यांनीच करून घेतला. उभं पीक असताना कुळाला जमिनीवरून काढायचं नाही, हाही त्यांचाच. मोठमोठ्या पक्षांना जे जमलं नाही, ते या धार काढणाऱ्यांनी केलं.

वडील गेल्यावर पाळ्या लावायचं काम ताईकडे आलं. ताई तोंडानं फटकळ. पाहुणे आलेत, पाठ धरली आहे, असली कारणं तिच्यापुढे चालत नसत. ती म्हणायची की गाईला सांगून बघ, ऐकते का. आणि सभागृहात गेलेला तो शेवटचा एकटा माणूस म्हणजे तिचा सख्खा भाऊ. पन्नाशी आली, बायको जाऊन वर्षं झाली, तरी सगळ्यांचा तो धाकटाच. त्याच्या सहा गाई होत्या.

त्या वर्षी सरकार एका मतासाठी अडलं. अर्थसंकल्पात एक कलम हळूच घुसवलेलं होतं: शेतकऱ्यांच्या दूध संघाची सगळी केंद्रं एका कंपनीला विकायची. अर्थसंकल्प पडला तर सरकार पडणार आणि सभागृहही बरखास्त होणार. म्हणून सरकारी माणसं धाकट्याभोवती गुळाला मुंगळे लागावेत तशी लागली. कृषिमंत्रिपद, बंगला, गाडी, मागेल ते द्यायला तयार. ताईला रात्रंदिवस एकच घोर होता. धाकटा गेला तर संघ गेला, पक्ष गेला, आणि वडिलांचं नाव घ्यायला तोंड राहणार नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे चार माणसांचं बोलणं ऐकू येत होतं.

"ताई, उद्या संध्याकाळपासून माझ्या गोठ्यावर कुणाला पाठवू नकोस."

तिनं का म्हणून विचारेपर्यंत फोन बंद झाला.  उद्या दुपारी मतदान आणि संध्याकाळपासून पाळी नको, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. मंत्र्याला कशाला हवीत शेणाच्या हातांची माणसं?

शेडमध्ये बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. पक्षाचा अध्यक्ष म्हणजे म्हातारा लोहार, वडिलांच्या बरोबरीचा माणूस. तो भरल्या डोळ्यांनी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी नेमकी त्याचीच होती.

"मी जाणार नाही," तो म्हणाला. "विकल्या गेलेल्या माणसाच्या गाईखाली माझे गुडघे वाकायचे नाहीत."

"तो विकला गेला असेल, गाई नाही गेल्या," ताई म्हणाली. "आणि उद्या दुपारपर्यंत तो आपलाच आहे."

 एकेक जण चपला घालून निघून गेला.

पहाटे ताई एकटीच बादली घेऊन धाकट्याच्या गोठ्यात शिरली. आधी गाईंनाच झापलं. चला बायांनो, तुमचा मालक मंत्री होतोय, आता तुम्हालाही बंगला, दारात शिपाई! मग पहिल्या गाईच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि धार काढता काढता ढसाढसा रडली. लहानपणी तिनंच त्याला धार काढायला शिकवलं होतं. भाऊ मेला असता तर इतकं लागलं नसतं, असं तिच्या मनात आलं, आणि असं आलं म्हणून ती आणखी रडली.

तिसऱ्या गाईपाशी असताना दारात खोकला ऐकू आला. लोहार होता. तिच्याकडे न बघता तो पुढच्या गाईखाली बसला, गुडघ्यांना शिव्या देत.

"गाईंसाठी आलोय," एवढंच बोलला.

काम संपलं तरी दोघं घरी गेली नाहीत. घरी जाऊन करायचं काय? शेण काढलं, वैरण घातली, न लागणारी दावीसुद्धा बांधून ठेवली. दुपारी लोहारानं खिडकीतला रेडिओ लावला. एकेकाचं नाव पुकारत होते. धाकट्याचं नाव जवळजवळ शेवटी आलं. मग त्याचा आवाज आला, स्वच्छ आणि खणखणीत: "विरोधात."

सरकार एका मतानं पडलं. सभागृह बरखास्त झालं. ताई नुसती रेडिओकडे बघत राहिली. लोहारानं कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळपासून पाळी नको, कारण संध्याकाळी तो निवडून आलेला असणारच नव्हता! सरकारची चार माणसं उशाशी बसलेली, त्यात तो फोनवर आणखी काय सांगणार होता?

धारेच्या वेळेला धाकटा बसमधून उतरून, पिशवीसकट थेट गोठ्यात आला. ताई गाईखाली बसलेलीच होती.

"ऊठ, ताई. आता पाळी नाही."

"मला वाटलं, तू गेलास," ताई म्हणाली. तिला लाज वाटत होती, पण खोटं बोलवेना.

धाकट्यानं पिशवी खाली ठेवली. "गेलोच होतो. परवा हो म्हणालो त्यांना."

ताईचा हात थांबला.

"मग गाड्या दाखवायला नेलं. रंग कुठला हवा म्हणाले. आणि माझ्या मनात आलं, मतदानाच्या सकाळी पाळी कुणाची? लोहारकाकांची. या वयात ते माझ्या गोठ्यात बसलेले असणार. मंत्री होऊन त्यांना ऊठ म्हणायला मला तोंड कुठलं?"

लोहार वैरणीपाशी उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. ताईनं त्याच्याकडे पाहिलं आणि कालच्या बैठकीबद्दल एक अक्षर काढलं नाही. सकाळी काका होतेच, एवढंच तिनं सांगितलं.

धाकट्यानं बाह्या वर केल्या आणि तिला उठवून स्वतः बसला. तो म्हणाला की आता निवडणूक लागेल, पण तो उभा राहणार नाही. एकदा हो म्हणालेला माणूस दुसऱ्यांदा लवकर म्हणतो. "या वेळी तू उभी राहा, ताई."

ताईनं उडवून लावलं. तिला भाषण येत नाही, पाळ्या कोण लावणार, आणि तिच्या चार गाईंचं काय?

लोहार पुढे आला. 

"तुझ्या गोठ्यात पहिली पाळी माझी," तो म्हणाला. "आणि मला बोलवायला कुणी येऊ नका."