पुलावरचं भांडण

इर्मगार्टने ओल्या चुन्यात बोट खुपसलं आणि ते गवंड्याच्याच बाहीला पुसलं. गढीच्या एकाच तटात दोन भावांची दोन घरं, मधे हा उघडा सज्जा. त्यावर भिंत चढली की तिच्या खिडकीचा उजेड मेलाच. नवऱ्यामागे राहिलं होतं काय? सूत कातायची एक जागा आणि हा उजेड.

"भिंत कुणी सांगितली रे, कुंत्स?"

"धाकल्या घरातून निरोप आला, बाईसाहेब."

तिथे आवाज चढवायची सोय नव्हती. तटाच्या आत भांडेल त्याने गढी सोडायची, अशी दोन्ही घरांची जुनी शपथ. भांडायचं तर दरवाजाबाहेरच्या पुलावर. तिने दिराला तिथे बोलावलं.

गेर्लाख आला. दोन पायांत दोन तऱ्हेचे जोडे.

"भिंत तुझी?"

"कुठली?"

"सोंगं नकोत. माझ्या खिडकीसमोरची!"

"मग पाडू या की, वहिनी."

इर्मगार्ट बघतच राहिली. उभ्या जन्मात या माणसाने तिला खिळा ठोकण्याएवढी जागा सोडली नव्हती.

"अरे, भांड की! उगाच का गारठतोय इथे?"

"भांडू. कशावरून?" त्याने कपाळ चोळलं. "आधी जेवायला चल. आई खोळंबली असेल."

आई केव्हाच चर्चच्या फरशीखाली पुरलेली. इर्मगार्टने त्याचे डोळे निरखले. थट्टा कुठेच नव्हती. आता भिंत पाडायचं वचन मागितलं असतं तर त्याने हसत दिलं असतं. तिला काही मागता येईना. तिने त्याचा दंड धरला.

चौकात येताच तो तिच्याच जिन्याकडे वळला. वाटण्या होण्याआधी तो त्याच घरात जन्मलेला.

त्याचा मुलगा एमिख धावत आला.

"काकू, बाबा रात्री सज्ज्यावरून तुमच्याकडे निघतात. कठडा मोडका, खाली दरी. म्हणून भिंत."

"मग सांगायला काय जीभ झडली होती?"

"शुद्धीत होते तेव्हा बजावलं होतं त्यांनी. वहिनीला कळू देऊ नका, ती कीव करील."

तिने तोंड उघडलं. आपण तटाच्या आत आहोत हे आठवून मिटलं.

ती वर गेली. सज्ज्यात कुंत्स थापी हातात धरून उभा होता. "काम थांबवू, बाईसाहेब?"

खिडकीतून तिच्या सुताच्या चातीवर उजेडाची पट्टी पडली होती. ती तिकडे पाहत राहिली.

"बांध. पण मधे दार ठेव."

"कडी कुठल्या बाजूला?"

खाली जिन्यात गेर्लाख आईला हाका मारत होता.

"माझ्या," इर्मगार्ट म्हणाली.