कवड्या वालाची बरणी

मी एक जुनी बरणी आहे. चिनीमातीची, खाली पांढरी, वर तपकिरी आणि काठाचा एक टवका उडालेली. टवक्याकडे असं टक लावून बघू नका मित्रांनो, त्याची हकिकत येणारच आहे. माझं जवळजवळ सगळं आयुष्य भोपाळमधल्या एका सरकारी कारकुनाच्या घराण्यात गेलं, त्यामुळे माझ्या तोंडात बदली, हजेरी, निवृत्ती असले शब्द फार येतात. शिवाय मी जरा फटकळ आहे. तेही आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको.

भट्टीतलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती नागपूरची इतवारी बाजारपेठ. नुकतंच लग्न झालेल्या सिंधूबाई दुकानात आल्या, त्यांनी दहा बरण्यांवर बोटाच्या पेराने टिचक्या मारून बघितल्या आणि माझा आवाज ऐकून म्हणाल्या, हीच द्या. पुढची काही वर्षं मी त्यांच्या घरी कैरीचं लोणचं सांभाळलं. काय थाट होता माझा. फडताळात सगळ्यात वरची जागा, आणि आंघोळ केल्याशिवाय मला कुणी हात लावायचं नाही.

मग सन छप्पन्न आलं. नागपूरची सरकारी कार्यालयं भोपाळला हलली, त्यांच्याबरोबर सिंधूबाईंचे यजमान हलले आणि गोणपाटात गुंडाळून मीही हलले. भोपाळ स्टेशनात सामान उतरवताना हमालाचा हात सुटला आणि माझा टवका उडाला. झाकण घट्ट बसेना. अशा बरणीत लोणचं टिकत नाही, त्यामुळे लोणच्याच्या खात्यातून माझी बियाण्याच्या खात्यात बदली झाली. खरं सांगते, मला फार अपमान वाटला. कुठे कैरीचं लोणचं आणि कुठे मूठभर वाल.

पण ते वाल साधे नव्हते. सिंधूबाईंचं माहेर वर्धा नदीच्या काठचं. भोपाळला निघताना आईने त्यांच्या पदराच्या गाठीत ते बांधून दिले होते. पिवळसर पांढऱ्या दाण्यावर तपकिरी शिंतोडे, हुबेहूब कवडीसारखे, म्हणून त्यांना कवड्या वाल म्हणायचे. इतर वेलांवर मावा पडून पानं चिकट व्हायची, पण कवड्याकडे किडे फिरकायचे नाहीत. पाणी कमी पडलं तरी तो तग धरायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत शेंगा, आणि दाण्याला अशी गोडी की भाजीत गूळ घालावा लागत नसे.

सिंधूबाईंची एक पद्धत होती. वेलाच्या बुडाजवळच्या सगळ्यात भरदार शेंगा निवडून त्यांना लाल दोरा बांधायच्या. दोरा बांधलेली शेंग कुणी तोडायची नाही, ती बियाण्याची. वेलावरच वाळली की दाणे सोलायचे, चुलीच्या राखेत घोळायचे, कडुनिंबाच्या सुकल्या पाल्याबरोबर माझ्या पोटात भरायचे आणि तोंडाला फडकं बांधायचं. जेठाच्या शेवटी, पाऊस तोंडावर आला की, फडकं सुटायचं. शेजारपाजारच्या बायका वाट्या घेऊन यायच्या आणि सिंधूबाई मुठी भरभरून द्यायच्या. तेव्हा त्या सगळ्या ओळीतल्या कुंपणांवर कवड्याचे वेल असायचे. मला मात्र हे दानशूरपण आवडायचं नाही. जरा कुठे पोट भरलं की ही बाई मला रिकामं करते, असं मनात यायचं.

पुढे त्यांचा मुलगा नारायण नोकरीला लागला, शिवाजी नगरात क्वार्टर मिळालं आणि अमरावतीहून सून आली, कुसुम. कुसुमचा जीव जडला तो माझ्यावर. सिंधूबाई गेल्यावर तिने सगळं तसंच चालू ठेवलं, राख, पाला, लाल दोरा. पण माणसं बदलली होती. एका वर्षी तिने समोरच्या घरी बी दिलं, त्यांनी त्याची उसळ करून खाल्ली. बाजूच्यांना दिलं, तर त्यांच्या माळ्याने फुलावर आलेला वेल रानवेल समजून उपटून टाकला. बाजूची बाई हसत म्हणाली, बाजारात मिळतो की घेवडा. कुसुम घरी येऊन ढसाढसा रडली आणि तिने माझ्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलं. त्या दिवसापासून कवड्या वाल बाहेर देणं बंद. मी मनातल्या मनात म्हटलं, शाब्बास, सूनबाई.

आणि तरीही आमच्या घरात चोरी झाली. चोर कोण, तर खुद्द नारायण! कुसुम चार दिवस माहेरी गेली होती. हा गृहस्थ दुपारी चोरपावलांनी आला, फडकं सोडलं, एक मूठ दाणे काढून सरकारी लिफाफ्यात घातले, आतली राख बोटाने सारखी केली आणि पुटपुटला, गेंदाबाईला दिले तर काय बिघडतंय. गेंदाबाई म्हणजे जवाहर चौकात भाजी विकणारी, बैरसिया रस्त्यावरच्या खेड्यातली बाई. ऑफिस सुटलं की हा तिच्याकडून भाजी घ्यायचा. त्या दिवसापासून मी त्याच्यावर डूख धरला. मला बोलता येत असतं ना, तर कुसुमकडे लेखी तक्रार केली असती.

नारायण निवृत्त झाला आणि क्वार्टर सुटलं. आम्ही अशोका गार्डनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. वर थेट गच्ची, खाली सिमेंट, आणि माती म्हणाल तर तुळशीच्या कुंडीत होती तेवढीच. शेवटच्या वेलाचे दाणे माझ्या पोटात होते, दोन वाट्या भरतील एवढे. माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर झाली. दर उन्हाळ्यात कुसुम मला खाली उतरवायची, फडकं सोडून डोकावायची आणि म्हणायची, पुढच्या वर्षी कुठेतरी जागा मिळेल. अशी पाच वर्षं गेली. भोपाळचे पाच उन्हाळे त्या तापलेल्या छपराखाली मी काढले, पण माझी छाती अभिमानाने फुगलेली होती. साऱ्या जगात कवड्या वाल आता फक्त माझ्याकडे होता ना. ती चोरीची मूठ केव्हाच कुणाच्या उसळीत गेली असणार, असं मी धरून चालले होते.

मग आमच्याकडे नवी सून आली, कुसुमच्या मुलाची, अभिजीतची बायको स्वरदा. ती अलिबागकडची. तिकडे वाल म्हणजे जीव की प्राण, आणि श्रावणात मोड आलेल्या वालांचं बिरडं नाही असं घर सापडायचं नाही. त्या श्रावणात कुसुम तापाने आजारी होती, तोंडाला चव नव्हती. स्वरदाला वाटलं, आईंना बिरडं करून घालावं. स्टुलावर चढून ती माळ्यावर डबे धुंडाळत होती आणि तिला मी सापडले. वाल बघून तिचा चेहरा खुलला. तिने सगळे दाणे धुतले, रात्रभर भिजवले, सकाळी फडक्यात बांधून ठेवले. मी ओट्यावर रिकामी पडून आतल्या आत ओरडत होते, पण बरणीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

तिसऱ्या दिवशी तिने पुरचुंडी सोडली. मग ती कुसुमच्या खाटेपाशी गेली आणि म्हणाली, "आई, माळ्यावरच्या बरणीतले वाल मी बिरड्यासाठी भिजवले होते. पण ते फार जुने असणार. एकालाही मोड आला नाही."

कुसुम उठून बसली. तिने ते फडकं मांडीवर घेतलं आणि एकेक दाणा दाबून बघितला. सगळे मऊ, आंबूस वासाचे. एकही जिवंत नव्हता. मित्रांनो, माझ्याच पोटात ते मेले होते, कधी ते मलाही कळलं नव्हतं. मी पाच वर्षं ज्याचा तोरा मिरवला, ते नुसतं राखेत झाकलेलं मढं होतं. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की हमालाच्या हातून तेव्हाच फुटले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं.

स्वरदाला सगळं कळल्यावर तिला रडूच आवरेना. कुसुमने तिला जवळ घेतलं. "तू भिजवलेस म्हणून कळलं तरी," ती म्हणाली. "नाहीतर मी मेलेलं बी आणखी दहा वर्षं जपत बसले असते."

त्याच दिवशी तिने वर्धेकाठच्या गावी फोन लावले. सिंधूबाईंच्या भाच्याला, त्याच्या शेजाऱ्याला, सोसायटीच्या दुकानदाराला. सगळीकडून एकच उत्तर. तो वाल होय? तो केव्हाच गेला, आता सगळं सोयाबीन आहे. एकाने तर विचारलं, कवड्या म्हणजे कोणता? कुसुमने फोन ठेवला. मग स्वरदाला म्हणाली, वाघ मेला तर वर्तमानपत्रात येतं. क्वार्टरमागच्या झाडावर पूर्वी गिधाडं बसायची, ती गेली तेव्हाही लोक थोडंफार बोलले. एक वाल गेला, हे कुणाला कळणारसुद्धा नाही.

नारायण दारात उभा राहून हे ऐकत होता. दोनदा खाकरला. मग त्याने चोरी कबूल केली. चौदा वर्षांपूर्वीची मूठ, सरकारी लिफाफा, गेंदाबाई, सगळं.  दुसऱ्या दिवशी सकाळीच तो जवाहर चौकात जाऊन आला. गेंदाबाई गुडघ्यांमुळे आता बाजारात बसत नव्हती, पण शेजारच्या भाजीवाल्याने तिच्या गावचं नाव सांगितलं.

कुसुमचा ताप उतरला तसे ती, नारायण आणि स्वरदा अभिजीतच्या गाडीतून निघाले. कुसुमने मला मांडीवर घेतलं होतं. का घेतलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. रिकामी बरणी घेऊन कुणी भाजीवालीकडे जातं का?  गेंदाबाईने तरी दाणे राखले असतील, की तिनेही खाऊन टाकले असतील, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं.

गेंदाबाई ओसरीवर बसली होती. नारायणला तिने लगेच ओळखलं. पण कुसुमचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ती आढ्याकडे बघत होती. तिथे वाळलेल्या शेंगांचा एक घोस टांगलेला होता आणि त्याला लाल दोरा बांधलेला होता. नारायणने मूठ देताना ती पद्धतही सांगितली होती.

आता ऐका माझी फजिती. गेंदाबाईने घरातून बी आणलं ते कशात? खाद्यतेलाच्या प्लास्टिकच्या डब्यात! त्यावर तेलाच्या कंपनीचं फाटकं लेबलही तसंच होतं. माझ्यासारखी इतवारीची बरणी, माझी ती राख, तो पाला, ते दुहेरी फडकं, आणि जिवंत राहिला तो कवड्या त्या तेलाच्या डब्यात. तिने डबा सुपात ओतला. पिवळसर पांढरे, तपकिरी शिंतोड्यांचे टणक दाणे खळखळून पडले. कुसुमने दोन्ही हात त्यात घातले आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

गेंदाबाई म्हणाली, "अरे भाभी, रोती काहे हो? बाबूजी ने मुट्ठी भर दिया था, अब तो आधे गाँव में है." मग तिने सहज सांगितलं, "तीन बरस पहले ओले पड़े थे. मेरी सारी बेल गई, बीज भी भीग गया. फिर बेटी की ससुराल से वापस लाई. उसको दिया था ना."

मित्रांनो, ते वाक्य ऐकलं आणि इतकी वर्षं मला न कळलेली गोष्ट एका झटक्यात कळली. गारपिटीत तिचाही वाल मेला होता. पण तिने तो आधीच वाटलेला होता, म्हणून परत मिळाला. सिंधूबाई मला दर वर्षी रिकामं करायच्या, तेव्हा त्या उधळपट्टी करत नव्हत्या, कवड्याला राखत होत्या. आणि ज्याला मी चौदा वर्षं चोर म्हणत होते, त्या भल्या माणसाची मी मनोमन माफी मागितली.

परतताना गाडीत कुसुमने नारायणला विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तू बोलली असतीस," तो म्हणाला.

"बोलले असते," कुसुम म्हणाली. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "आज नाही बोलत. उद्याचं सांगत नाही."

आता अशोका गार्डनच्या गच्चीवर मातीने भरलेली चार पिंपं आहेत. त्यातल्या पहिल्या पिंपाच्या तळाशी ते मेलेले दाणे आहेत. कुसुमने ते फेकू दिले नाहीत, स्वतःच्या हाताने मातीत घातले आणि वर गेंदाबाईचं बी लावलं. गेल्या होळीला स्वरदाने लाल दोरे बांधले. जेठाच्या शेवटी माझं फडकं सुटलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे, पलीकडच्या गल्लीतले, स्वरदा शिकवते त्या शाळेतले असे कितीतरी लोक वाट्या घेऊन आले. चार मुठी अलिबागला गेल्या आणि दोन वर्धेकाठच्या त्या गावी, जिथून कवड्या मुळात निघाला होता. बी नेणाऱ्याला कुसुमची एकच अट असते, पुढच्या वर्षी आणखी दोघांना द्यायचं. कुणी उसळ करून खाल्ली तर ती थोडं बोलते आणि पुन्हा मूठभर देते.

मी आता म्हातारी झाले आहे. टवक्यापासून एक बारीक चीर खाली उतरायला लागली आहे, फार वर्षं मी राहणार नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण कवड्या आता माझ्या भरवशावर नाही. तुमच्याही घरात, गावाकडे, एखाद्या आजीच्या डब्यात असा एखादा दाणा असेल, जो दुसरीकडे कुठेच उरला नसेल. तो नुसता जपून ठेवू नका रे बाळांनो, मातीत घाला आणि वाटा. माझी एवढी चूक तुम्ही करू नका.

आणि जेठ संपताना इकडे आलात तर वाटी घेऊन या. मला सरळ उलटी करा, पाठीवर दोन थापट्या मारा, आणि तळाशी चिकटलेला एखादा दाणा राहिला असेल तर तोही घेऊन जा.