नंदूचं नाक

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा स्विमिंग पूल माझा आहे. म्हणजे कागदावर सोसायटीचा, पगार देणारी एजन्सी तिसरीच, पण चौदा वर्षं पंपरूमची चावी माझ्या कमरेला, तेव्हा माझाच म्हणायचा. मी नंदू घाडी. राहायला विक्रोळी, गाव मालवणाकडे, बाप गिरणीत होता.

या पुलात माझं नाव झालं ते नाकामुळे. काठावर उभं राहून एक श्वास घेतला की सांगायचो, क्लोरीन कमी आहे की जास्त. पोरं पोहून बाहेर आली की ओला हात माझ्या नाकाखाली धरायची. “नंदूकाका, आज किती?” मी हुंगायचो आणि म्हणायचो, “दीड.” दीड म्हणजे क्लोरीन बरोबर, पाणी चांगलं. मग ती शॉवरकडे पळायची. अशी रीतच पडली होती. सेक्रेटरी अनिरुद्धसाहेब तर पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे मशीनबिशीन काही नाही, नंदूचं नाक आहे.

आता खरं सांगतो. ते नाक पाच वर्षांपूर्वीच गेलं. कोविड झाला, ताप गेला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. माझ्या बायकोला, प्रेमाला, तेवढं ठाऊक. एकदा मी गॅसशेजारी बसलेलो असताना डाळ करपून कोळसा झाली. ती धावत आली आणि म्हणाली, “अरे, तुका वास नाय इलो?” तेव्हा तिला कळलं. बाहेर कोणाला सांगणार? ज्याच्या नाकावर पोट चालतं त्याने नाक गेलं म्हणून बोंबलायचं, म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. ऊन किती, गर्दी किती, यावर अंदाजाने क्लोरीन टाकायचो. पोरांनी हात पुढे केला की हुंगल्यासारखं करून “दीड” म्हणायचो. पाच वर्षं खपून गेलं.

यंदा आमच्या एजन्सीला दर्जा सुधारायचं वेड लागलं. कुठल्याशा पुलात म्हणे पोरांचे डोळे सुजले, मग वरपासून खालपर्यंत सगळ्यांना जाग आली. दर दोन तासांनी पाणी तपासा, रजिस्टरमध्ये लिहा, आणि पूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाने परीक्षा द्या. नापास झाला तर चावी दुसऱ्याकडे. तपासायला एक डबी दिली. त्यातल्या छोट्या बाटलीत पुलाचं पाणी घ्यायचं, गोळी टाकायची, पाणी गुलाबी होतं. जेवढं गडद, तेवढं क्लोरीन जास्त. एजन्सीला मी चारचौघांत भरपूर शिव्या घातल्या, आणि मनातल्या मनात गावच्या रवळनाथाला हात जोडले. गुलाबी रंग बघायला नाक लागत नाही.

परीक्षा मे महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळी नऊला. तपासायला एजन्सीच्या माधुरी मॅडम येणार होत्या. त्याच दिवशी आठ वाजता सुट्टीच्या शिबिराची पोरं. शुक्रवारी संध्याकाळी मला धाकधूक वाटायला लागली, पाण्यात कमी निघालं तर काय करणार? म्हणून मी दुप्पट क्लोरीन टाकून घरी गेलो.

सकाळी सातला बाटली भरली, गोळी टाकली. पाणी क्षणभर गुलाबी झाल्यासारखं वाटलं आणि लगेच पांढरं, साध्या पाण्यासारखं. ऊन डोळ्यांवर होतं, म्हटलं भास असेल. पांढरं म्हणजे शून्य.  दुप्पट टाकलेलं गेलं कुठे? क्लोरीनचा एक कॅन ओतला, पंप फिरवला, अर्ध्या तासाने परत बघितलं. पांढरं. आणखी एक कॅन ओतला. पावणेआठला तिसऱ्यांदा बघितलं, तरी पांढरं. घाईत गोळी दोनदा खाली पडली. आजच परीक्षा आणि आजच वाट लागली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात काठ पुसायला सुंदराबाई आली. आमच्या क्लबहाऊसची झाडलोट तीच करते, माझ्याआधीपासून. पदर नाकाला लावूनच आली.

“अरे नंदू, आज काय ओतलंस रे? डोळे चुरचुरतायत माझे.”

“काही नाही गं. उलट क्लोरीन शून्य दाखवतंय.”

“शून्याचा एवढा वास?” असं म्हणून ती बादली घेऊन लांब जाऊन उभी राहिली.

 बाटली म्हणते शून्य, सुंदराबाई म्हणते डोळे चुरचुरतात. खरं कोणाचं धरू? ज्याचं धरायची सवय होती ते माझं नाक तर केव्हाच मेलेलं.

आठ वाजले. गेटबाहेर पोरं आणि त्यांच्या आया जमल्या. सगळ्यांत पुढे अक्षता, अनिरुद्धसाहेबांची आठ वर्षांची पोर. रोज पहिली उडी तिचीच. गॉगल डोळ्यांवर चढवून ती गेटच्या सळ्या हलवत होती. मागून साहेब आले.

“नंदू, उघड ना. किती वेळ?”

“थांबा जरा साहेब. टेस्ट चालू आहे.”

“अरे टेस्ट कसली? दीड लिहून टाक, रोज लिहितोस तसं. मॅडम येईपर्यंत पोरं पाण्यात दिसली पाहिजेत, बरं दिसतं ते.”

“रीडिंग जमत नाहीये साहेब.”

“मग ती डबी सोड. तुझं नाक कशाला आहे? घे वास आणि सांग.”

सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. मी पाण्यावर वाकलो आणि छाती भरून श्वास घेतला. मे महिन्यातली गरम हवा आत गेली, बाकी काही नाही. दीड म्हटलं की सुटलो, हे मला पक्कं माहीत होतं. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात अक्षताने सळ्यांतून हात घालून स्वतःच कडी काढली, धावत आली आणि पायरीवर पाय ठेवला. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. एवढ्या जोरात, की ती रडायलाच लागली.

“काय करतोयस नंदू?” साहेब ओरडले.

“पूल बंद,” मी म्हणालो. “मला वास येत नाही साहेब. पाच वर्षं येत नाही.”

 एक आई हळूच म्हणाली, “मग आमच्या मुलांचे हात हुंगत होतात ते काय होतं?” मी मान खाली घातली. 

माधुरी मॅडम नऊला आल्या. सगळं ऐकून घेतलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पुलाचं एक माप पाणी घेतलं, त्यात नऊ मापं बाटलीबंद पाणी मिसळलं, आणि मग गोळी टाकली. पाणी कोकम सरबतासारखं लालभडक झालं.

“रंग अडीचचा, पाणी दहापट पातळ, म्हणजे पंचवीस,” त्या म्हणाल्या. “काका, क्लोरीन फार झालं की ते रंगच खाऊन टाकतं. मग बाटली शून्य दाखवते. शून्य दिसलं की आधी पाणी पातळ करून बघायचं, कॅनला हात नंतर लावायचा. नाकवाल्या माणसाला हे वासावरूनच कळलं असतं. तुम्हाला कळणं शक्य नव्हतं.”

“पोरं आत गेली असती तर?”

“डोळे आणि छाती, दोन्ही जळली असती.” एवढं बोलून त्या लिहायला लागल्या.

अक्षता बाकावर आईला चिकटून बसली होती. तिचा दंड लाल झाला होता. तो बघितला आणि मी काठावरच बसलो. मला नापास केलं. चावी मी स्वतः काढून साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती माझ्याकडे न बघता घेतली.

तीन आठवडे पूल सांभाळायला साकीनाक्याहून एक माणूस येत होता. मी जाळीने पानं काढायचो आणि तो काय करतो ते बघायचो. दुसऱ्यांदा परीक्षेला बसलो, पास झालो, चावी परत कमरेला आली. पण पोरं पोहून झाली की माझ्या समोरून सरळ शॉवरकडे जायची. एकानेही हात पुढे केला नाही. बरोबरच होतं ते, तरी लागायचं ते लागायचंच.

एका सोमवारी मी बाटलीत गोळी टाकून बसलो होतो. अक्षता बाहेर आली, निघून गेली आणि परत आली. समोर उभी राहून तिने ओला हात स्वतःच्याच नाकाला लावला.

“येतोय थोडा,” ती म्हणाली. “काका, आज किती?”

“दीड.”

“खरं दीड?”

मी बाटली तिच्या हातात दिली.