कोनाड्यातलं कडं

कारभारीनं उकिडवं बसून कोनाड्यातल्या नायट्रोजनच्या डब्याला होकायंत्र लावलं. सुई उत्तर सोडून झटकन डब्याकडं वळली.

“फिरून राह्यला,” तो म्हणाला.

रोज सकाळी हेच. चुलीपुढं बसलेल्या द्वारकाबाईनं रोजच्यासारखी मान हलवली, पण तिचा जीव आज थाऱ्यावर नव्हता.

कारभारी जनावरांच्या दवाखान्यात शिपाई. वळूचं वीर्य ज्यात गोठवून ठेवतात, तो बर्फाहून कैक पट गार, पातळ नायट्रोजन दर गुरुवारी थोडा घरी यायचा. डॉक्टर बघून न बघितल्यासारखं करायचे. आज नोकरीचा शेवटचा दिवस. डबाही परत द्यायचा होता.

डब्यात मच्छिंद्रचं कडं होतं. बांगडीहून लहान, काळं, ठिसूळ. औरंगाबादला एम.एस्सी. करताना पोरानं ते भट्टीत भाजून केलं. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत घरी आणलं, त्यात लोहचुंबक धरून गार केलं आणि चुंबक अलगद काढून घेतलं. कड्यात करंट फिरायला लागला.

“बाबा, आता ह्याला बॅटरी नको न् काय नको. आतले कण सगळे एका पावलानं चालत्यात, कुणी कुणाला अडवत न्हाई. फक्त गार ठेवा. थांबायचा न्हाई.”

पंधरा दिवसांनी अंबडच्या रस्त्यावर तो जीपखाली गेला. त्याच्या हातचं फिरणं तेवढं घरात राहिलं.

राहिलं म्हणायचं, इतकंच. चार वर्षांमागं कारभारी ऑपरेशनसाठी जालन्याला होता. डबा भरायचं काम द्वारकाबाईकडं. ती बसली नवऱ्याच्या उशाशी. कपडे न्यायला घरी आली तर डबा कोरडा ठाक, सुई सरळ उत्तरेला. पोर दुसऱ्यांदा गेलं, आणि या खेपेला तिच्या हातून. तिनं मच्छिंद्रच्या फुटक्या रेडिओतलं चुंबक चोळीच्या चिंधीत गुंडाळलं, कोनाड्याच्या मातीत बसवलं, वरून लिंपून टाकलं. आधी सुई जराशीच ढळायची, आता झटकन वळू लागली. कारभारीनं कधी विचारलं नाही. तिला मात्र घरात एकटं बसवेना. कोनाड्यातून पोरगा बघतोय असं वाटायचं.

कारभारीनं कडं काढून कोनाड्यात ठेवलं, डबा सायकलला बांधला आणि गेला. कडं गरम झालं, म्हणजे आता करंट संपला. संध्याकाळी त्यानं सवयीनं होकायंत्र लावलं आणि सुई वळलीच तर? द्वारकाबाईनं खुरपं घेतलं. माती खरवडली. चुंबक हाताला लागलं.

चुंबक तेच, पण चिंधी तिची नव्हती. दवाखान्यातलं बँडेज होतं, जांभळ्या औषधाचा डाग पडलेलं. वर बैलाच्या खुराला मारतात तशी, कारभारीच्या हातची गाठ.

ती तिथंच बसली. चुंबक पदरात घेऊन पोटभर रडली. मग उठली, माती भिजवली, चुंबक होतं तिथं बसवलं आणि हात फिरवून लिंपलं.

कारभारी हार-नारळ घेऊन परतला. कोनाड्यापुढं थबकला. हात खिशाकडं गेला न् तिथंच राहिला.

“द्या इकडं,” द्वारकाबाई म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं होकायंत्राला हात लावला नव्हता. तिनं ते कड्याजवळ धरलं. सुई वळली.

“फिरून राह्यला,” ती म्हणाली.

कारभारीनं ओल्या लिंपणाकडं पाहिलं आणि मान हलवली, रोज ती हलवायची तशी.