बंद घराचं रीडिंग

दुसरी जागा

तिने फाटकाची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपत काढून पाहिली.

"कडी नवी बसवून देतील, ताई," एजंट म्हणाला. "आधी आत तर या. स्वयंपाकघर बघा, हवा बघा. विकत मिळत नाही अशी हवा."

"कडी चांगली आहे," ती म्हणाली. "सहज निघते."

हे कौतुक की तक्रार, ते एजंटला कळेना. नळ सोडून बघणारी गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती, भिंतीवर टिचक्या मारणारी पाहिली होती. एकजण तर संडासात जाऊन आतून कडी लावून बराच वेळ बसला होता. पण घरात पाऊल न टाकता फाटकाशीच रमलेली बाई तो पहिल्यांदाच बघत होता.

तिच्या बोटांना ती सवयच होती. घरच्या घरी ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, कवळ्या जायच्या, आणि कुठे कड टोचेल ते तिच्या अंगठ्याला डोळ्यांआधी कळायचं. काम कुठेही बसून होणारं. पंचाईत नवऱ्याची होती. तो एका वाहतूक कंपनीत दिवसभर ट्रकवाल्यांना फोन करून "कुठे पोचलात?" एवढंच विचारायचा. त्याला फोनची रेंज हवी आणि शहर तासाभरात गाठता यावं, बस्स.

तो गच्चीवरून खाली आला तो घराच्या प्रेमात पडूनच. "रेंज भरपूर. मागे चार झाडं आहेत. शेजार नाही, कटकट नाही."

"आणि शहर हाकेच्या अंतरावर," एजंट म्हणाला.

"मारा बरं एक हाक," नवरा म्हणाला, पण हसत. ज्याचं मन बसलंय तोच अशी थट्टा करतो, हे एजंटला ठाऊक होतं. त्याने किल्ल्या खिशात टाकल्या.

तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं आणि अण्णा उतरले.

अण्णा म्हणजे तिचे वडील. अंगात खाकी शर्ट, खिशाला पेन, हातात छोटी बॅटरी. ते फाटकाशी आले, अनोळखी बाईपुढे लववावी तशी तिच्याकडे बघून मान लववली, कडी काढली आणि बाहेर उभे राहिले. एका अंगाला नजर पोचेल तिथवर शेत. दुसऱ्या अंगाला रस्ता सरळ हायवेला मिळत होता, आणि तिथे ट्रक एकामागून एक अंगावर आल्यासारखे धावत होते. छप्पर एकही नाही. अण्णांनी कपाळावर हात धरून दोन्हीकडे नीट पाहिलं.

"इथे काम नाही," ते म्हणाले, आणि परत गाडीत जाऊन बसले.

पहिली जागा, जी सकाळीच बघून झाली होती

एकसारखी घरं, भोवती उंच भिंत, दारात रखवालदार.

"बाहेरचं चिटपाखरू आत येत नाही," एजंट म्हणाला होता.

"आणि आतलं बाहेर?"

"आतल्याला बाहेर कशाला जायचंय, ताई?"

सगळ्या घरांचे मीटर फाटकाजवळच्या एका लोखंडी कपाटात, त्याच्या काचेच्या दाराला कुलूप. अण्णा त्या कपाटापुढे उभे राहिले. मग एकाच खोलीत कोंडलेली माणसं बघावीत तसे काचेतून आत बघत राहिले.

जागा नव्हे, घर

अण्णांनी जन्मभर वीज कंपनीसाठी मीटरचं रीडिंग घेतलं. दार वाजवायचं, "मीटर!" म्हणायचं, जिन्याखाली, माळ्यावर, कपाटामागे, जिथे असेल तिथे बॅटरी मारायची, आकडा घ्यायचा, पुढचं दार. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले होते, सुटलो बुवा, आता कुणाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. मग बायको गेली, आणि हळूहळू एकेक गोष्ट गेली. मुलीचं नाव गेलं. जेवलो की नाही ते गेलं. पायऱ्या मात्र परत आल्या. रोज सकाळी अण्णा खाकी शर्ट घालून निघायचे आणि दारं वाजवायचे.

सुरुवातीला शेजारी हसले. मग तक्रारी आल्या. मग समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या एकाने, जिन्याखाली बॅटरी मारणारा म्हातारा पाहिला आणि चोर समजून गचांडी धरली. शर्टाचा खिसा फाटून हातात आला. तिने तो त्याच रंगाच्या दोऱ्याने शिवला. दुसऱ्या दिवसापासून दाराला कुलूप.

तेव्हा अण्णांनी आतून दार वाजवायला घेतलं.

"कोणी आहे का? मीटर."

थांबायचे. कान देऊन ऐकायचे. कोणी दार उघडत नाही म्हटल्यावर, सभ्य माणसासारखे दोन पावलं मागे सरायचे. आणि पुन्हा.

ती कवळीची कड घासत बसलेली असायची. मशीनचा आवाज वाढवून बघितला. तरी ऐकू यायचं.

दादाने, तिच्या मोठ्या भावाने, एक संस्था बघून ठेवली होती. स्वच्छ, डॉक्टर चोवीस तास, खिडक्यांना जाळ्या. दादा वाईट नव्हता, फक्त लांब राहत होता. "तुझा नवरा दिवसभर ट्रक शोधतो," तो फोनवर म्हणाला, "आणि घरातला एक माणूस तुम्हाला सांभाळता येत नाही. महिनाअखेरपर्यंत जागा बघा. नाही जमलं तर मी येऊन त्यांना घेऊन जातो."

महिनाअखेर आली होती. आज तीन जागा बघायच्या होत्या, त्यातल्या दोन झाल्या.

गाडीत

"मला मघाचीच आवडली."

"तिथे ते कुठे जातील?"

"फाटकाला कुलूप लावू की. केवढी बाग आहे. बागेत फिरतील."

"बागेत दारं नसतात."

नवरा आरशातून मागे बघून म्हणाला, "अण्णा, झाडं आवडतात ना तुम्हाला?"

"सकाळपासून एकही घर झालं नाही," अण्णा म्हणाले. "असं चालत नाही, साहेब."

तिसरी जागा

शहर संपतं पण गाव अजून धड सुरू होत नाही, अशा ठिकाणची गल्ली. एका टोकाला बस थांबते, दुसऱ्या टोकाला शेत लागतं. मधे घरं, कुठे पत्रा, कुठे सिमेंट. एक सायकलवाला, एक पिठाची गिरणी, एका खिडकीत शिवणयंत्र. वाहन म्हणाल तर दुधाची गाडी आणि एक म्हातारी स्कूटर.

घराविषयी चांगलं बोलायला एजंटलाही जड जात होतं. निळं फाटक. दोन वर्षं बंद. न्हाणीघराचं दार चौकटीत बसत नव्हतं, भिंतीवर ओलीचा नकाशा उमटला होता. नवरा फोन डोक्यावर धरून खोल्याखोल्यांतून फिरला आणि शेवटी गच्चीवर गेला.

"ओल म्हणजे काय," एजंट म्हणाला, "घर जिवंत आहे म्हणायचं."

तिने भिंतीवर अंगठा दाबला. पोपडा निघून हातात आला. संपलं, असं तिला वाटलं. मघाच्या बागेला कुलूप किंवा दादाच्या जाळ्या, यांतलं एक. ती अण्णांना पाणी द्यायला बाहेर आली.

गाडीचं दार उघडं होतं. गाडीत कोणी नव्हतं.

गल्लीतले आवाज

"एक म्हातारे गृहस्थ पाहिलेत का? खाकी शर्ट?"

"मीटरवाले काका?" सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवत होता. त्याने मान वर केली नाही. "आमचं झालं. पुढे गेले."

"तुम्ही आत येऊ दिलंत?"

"मीटर बाहेर कसा दिसेल, ताई?"

गिरणीवाली पांढरी झालेली, भुवयांपर्यंत पीठ. "ते होय? बिल फार येतं म्हटलं, तर मलाच म्हणतात, गिरणी कमी चालवा." ती हसली. "नवऱ्याला इतकी वर्षं हेच सांगतेय मी. तुमचे कोण?"

"वडील."

"मग पळताय कशाला? ही गल्ली पुढे बंद आहे. जातील कुठे?"

पण सगळे तसे नव्हते. कोपऱ्यावरच्या घरातून एक माणूस बाहेरच आला, हातात काठी. "तुमचा का तो? सांभाळा त्याला. सरळ गोठ्यात शिरला. कुत्रा सोडलेला असता तर? चावला असता म्हणजे नाव कुणाचं?"

"चुकलं. माफ करा."

"माफीचं काय घेऊन बसलात." त्याने काठी भिंतीला टेकवली. "उद्यापासून सांगून येत जा म्हणावं. मी बांधून ठेवीन कुत्रा."

ती चार पावलं पुढे गेली आणि मग त्याचं वाक्य तिच्या ध्यानात आलं. मागे वळून पाहिलं तर तो आत गेला होता.

शिवणयंत्राचं घर

दार उघडंच. अण्णा स्टुलावर उभे होते, बॅटरी भिंतीकडे. खाली एक बाई, साठीची, गळ्यात टेप, एका हाताने स्टुलाचा पाय धरून. दुसऱ्या हातात फडकं.

"थांबा, धूळ आहे," बाई म्हणाली आणि टाचा उंचावून तिने भिंतीवरची जागा पुसली. "आता दिसतंय का?"

अण्णांनी बॅटरी जवळ नेली, डोळे बारीक केले आणि एकेक अंक सुटा करून आकडा वाचला. बाईने तो तसाच परत म्हटला.

"मागच्यापेक्षा कमी आहे," अण्णा म्हणाले.

"दिवे कमी लावते हल्ली. एकटीला किती लागतात?"

"छान. काटकसर चांगली."

ते उतरले, बाईने पाणी दिलं, ते उभ्याउभ्याच प्यायले. रिकामं भांडं परत दिलं.

ती उंबऱ्याबाहेरच थांबली होती. धाप अजून गेली नव्हती. तिची नजर भिंतीवर गेली. तिथे मीटर नव्हता. एक जुनी लाकडी पाटी होती, तिच्यावर खिळ्यांची चार भोकं आणि मीटरच्या आकाराचा फिकट चौकोन. चौकोन नुकताच पुसलेला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "मीटर..."

"केव्हाच बाहेर खांबावर गेले सगळ्यांचे. पेटीत असतात." बाईने फडकं घडी करून यंत्रावर ठेवलं.

"मग तुम्ही..."

"त्यांनी स्टूल मागितलं. दिलं." मग जरा थांबून, "आमच्याकडे येऊन बसायला हल्ली निमित्त लागतं लोकांना. यांनी आपलं आपण आणलं."

अण्णा दाराशी आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. खिशातलं पेन नीट केलं. तो खिसा, त्याच रंगाच्या दोऱ्याचा.

"ताई, तुमचं घर कुठलं?" त्यांनी विचारलं. "तुमचं राहिलं."

गेल्या वर्षभरात या प्रश्नावर ती म्हणायची, अण्णा, मी आहे, ओळखलंत का? मग ते ओशाळायचे, आणि दिवसभर तिची नजर चुकवायचे.

"ते," ती म्हणाली. "निळं फाटक."

"चला मग. उशीर झालाय."

निघताना तिने मागे वळून पाहिलं. "मावशी, स्टूल नेऊ का? लगेच आणून देते."

"न्या. एक पाय हलतो त्याचा, धरायला माणूस लागतं."

पुन्हा तिसरी जागा

स्टूल काखेत, अण्णा पुढे. सायकलवाल्याने या वेळी मान वर करून पाहिलं. चाक फिरवून हवा तपासली.

नवरा गच्चीच्या कोपऱ्यात एका पायावर उभा होता. "इथे येते गं!" तो वरून म्हणाला. "फक्त इथेच. पाऊल हललं की गेली." मग त्याला खाली आलेली मिरवणूक दिसली आणि तो जिन्यावरून धडधडत उतरला.

"कुठे होते?"

"कामावर," ती म्हणाली.

पुढचं त्याने पाहिलंच. अण्णांनी फाटकाची कडी स्वतः काढली, आत आले, उघड्या दारावर टकटक केलं आणि म्हणाले, "मीटर." आणि तोवर पुढे होऊन आत गेलेल्या त्यांच्याच मुलीने आतून "या" म्हटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच घरच्या दारावरच्या टकटकीनंतर अण्णांना दोन पावलं मागे सरावं लागलं नाही.

भिंतीवर इथेही पाटीच होती, कोळ्याच्या जाळ्याने भरलेली. तिने ओंजळीने जाळं काढलं आणि हात मागे पुसला. अण्णा स्टुलावर चढले. ती एका बाजूने स्टूल धरून उभी राहिली. बॅटरीचा गोल प्रकाश त्या फिकट चौकोनावर बराच वेळ थांबला.

"काहीच वापर नाही," अण्णा म्हणाले. "घर बंद असतं का? मागच्या वेळीही कोणी नव्हतं. बंद घराचं रीडिंग मला अंदाजे टाकावं लागतं, आणि ते मला आवडत नाही. पुढच्या वेळी कोण असेल इथे?"

तिने तोंड उघडलं, पण तिच्याआधी नवऱ्याने फोन खिशात टाकला होता. तो ओलीच्या नकाशाकडे बघत होता. मग न्हाणीघराच्या दाराकडे. मग वर, स्टुलावरच्या माणसाच्या थकलेल्या, जपून ठेवलेल्या टाचांकडे.

"आम्ही असतो की," तो म्हणाला. "केव्हाही या."

"नक्की?"

"नक्की, काका."

एजंट दारात उभा होता. त्याच्या हातातल्या किल्ल्या थांबल्या होत्या. "साहेब, पण इथला मीटर तर बाहेर खांबा..."

"आधी इकडे या," नवरा म्हणाला, "आणि त्या बाजूने स्टूल धरा. हलतंय."